गेममधली कोठी आणि न लिहिलेली वायर

"मामाजी, तुमचं सर्किट चुकलं म्हनते आमचे सर." सूनबाई ज्योती फोन माझ्यापुढे धरून उभी होती.

मी चौथी शिकलो, पण शेलूबाजारच्या दालमिलचे सगळे विजेचे पॅनल माझ्या हातचे. चुकलं हा शब्द मालकानेही कधी काढला नाही.

ज्योती घरी बसून एका गेम कंपनीचं काम करते. स्क्रीनवर कारखाना उभारायचा, असा तो गेम. नोकरी ट्रायलवर होती. तिची एक सुधारणा पास झाली तरच पक्की.

सर्किट देण्याआधी मी गेम पाहिला होता. त्यांचं लॉजिक, म्हणजे मशीनने कधी चालायचं याचा नियम, एकच. कोठी भरली की तिच्यात माल टाकणारा पट्टा बंद. चार दाणे निघाले की चालू, चार पडले की बंद. सारखी खडखड. खऱ्या मिलमध्ये मोटर जळाली असती.

ज्योतीच्या सुधारणेसाठी मी वहीत सर्किट काढून दिलं. कोठीला दोन सेन्सर. माल खालच्याच्याही खाली गेला की पट्टा चालू, वरच्यापर्यंत आला की बंद. मधल्या वेळात पट्टा चालूच राहावा म्हणून होल्डिंगची वायर. ती मशीनची आठवण. एकदा चालू झालं की धरून ठेवते.

पण ज्योतीच्या त्या पुण्याच्या साहेबावर माझा भरवसा नव्हता. फुकटात सर्किट घेणारा माणूस उद्या स्वतःचं म्हणून खपवणार. आमच्यातला जुना मिस्त्री एक गोष्ट कागदावर कधीच लिहीत नाही. लिहिली, की मालक दुसरा मिस्त्री आणतो. होल्डिंगची वायर वरच्या सेन्सरच्या अलीकडून घ्यायची की पलीकडून, ते मी लिहिलं नाही.

त्यांनी अलीकडून घेतली. पट्टा सुरू झाला तो थांबेचना.

ज्योतीने पुढे धरलेल्या फोनवर साहेब म्हणाले, "काका, कोठी ओसंडून चाललीय. हे राहू द्या, जुनंच ठेवतो."

"वायर कुठून घेतली?"

"तुमच्या कागदावर आहे तशी."

"कागदावर ते हायच नाही."

ज्योतीने फोन म्यूट केला. "मामाजी, लपवलं तुमी?"

"लपवलं नाही. लिहिलं नाही."

"काहून पन?"

"चोरीन तो."

"कोनाचं चोरीन? कागद माह्या नावानं गेला. फेल बी मीच होऊन राह्यली!"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्यूट काढायला लावला.

"साहेब, पलीकडून घ्या. मंग वरच्या सेन्सरनं लाइन तोडली की आठवनबी तुटते."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

त्यांनी वायर बदलली. कोठी वरपर्यंत भरली, पट्टा थांबला. खालचा सेन्सर उघडा पडेपर्यंत हलला नाही. सुधारणा पास झाली, नोकरी पक्की झाली. नोकरीचं पत्र मी दोनदा वाचून घेतलं, कुठे अट घुसवली आहे का पाहायला. नव्हती.

वायर लपवायचीच असेल, तर कागद कोणाच्या नावावर जाऊन राह्यला ते अगोदर पाहावं.