राऊच्या पुढचं वळण

अगं ए, जरा जवळ सरका ना सगळ्या. आणि भिया लोक, म्हणजे भाऊ मंडळी, तुम्ही पण. लांबून काय वाचता, डोळे बारीक करून? दर वेळी या पानावर तेच ते... पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... आणि वर मलाच विचारता, कमलताई, तुम्हाला कधी काही अनुभव आला नाही का? आला आहे. पण तुम्ही नीट ऐकून घेत नाही, मध्येच "मग भूत दिसलं का" करता, म्हणून आजपर्यंत गप्प बसले. आज सांगते. यात भूत नाही. दुपारचे चार वाजलेत आणि सहा सायकली आहेत, बस.

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध, वडील महूला फौजेत. घरात गंडा, अंगारा, नजर काढणं, काही म्हणजे काही त्यांनी शिरू दिलं नाही. कोणी म्हणालं की त्या झाडावर काहीतरी आहे, तर ते टॉर्च घेऊन बघायला जायचे आणि घुबड आहे म्हणून सांगत परत यायचे. मी त्यांचीच मुलगी.

गोष्ट इंदूरची, राजेंद्र नगरची. मिल एकेक करून बंद पडत गेल्या, ते दिवस. भोंगा वाजायचा थांबला तरी माणसं त्याच वेळेला उठायची, तोंड धुऊन, कपडे घालून ओट्यावर बसायची. जायचं कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि दुसरीकडे, मजा बघा, घराघरांत केबल येत होतं, नवी नवी दुकानं, नवे साबण. तर त्या केबलवर मी एकदा पाहिलं... परदेशातल्या बाया एका खोलीत रांगेने सायकली मारतायत आणि सायकल जागची हलत नाही! मी पोट धरून हसले. आणि मग दोन दिवस ते डोक्यातून जाईना. आमच्या गल्लीतल्या बाया मैदानात कुठे पळणार? साडीत, सासरे ओट्यावर बसलेले असताना? पण खोलीचं दार लावून सायकल... ते जमलं असतं. मला स्वतःला खरी सायकल येत नव्हती, ते सोडा. आजही येत नाही.

दोन घरं सोडून शालूवहिनी राहायची. तिचा नवरा मिलमध्ये फिटर, आम्ही सगळे त्यांना फिटरभाऊच म्हणायचो. मिल बंद झाल्यापासून माणूस घरात असून नसल्यासारखा. मी हसत हसत त्यांना केबलची गोष्ट सांगितली, तर ते हसले नाहीत. कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्या पाठीवर चित्र काढायला बसले. पुढचे तीन महिने नुसती ठाकठोक. भंगारातल्या जुन्या सायकली आणल्या, पुढचं चाक काढलं, मागचं चाक लोखंडी स्टँडवर उचलून घेतलं. चाकावर मिलच्या मशीनचा जुना पट्टा बसवला आणि हँडलजवळ एक स्क्रू दिला. स्क्रू कसला की पट्टा चाकाला घासतो आणि पायाला चढ लागतो. ढिला केला की उतार. पट्टा शिवलेला असायचा, त्यामुळे चाकाच्या दर फेऱ्याला तो शिवणीचा जोड "टक" करून वाजायचा. अशा सहा सायकली केल्या त्यांनी. महिला मंडळाच्या हॉलमध्ये पाच बायांसाठी, आणि त्यांच्याकडे तोंड करून सहावी माझी.

सहावी बसवून झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी फिटरभाऊ घरातून गेले. मिलचा पास फळीवर ठेवला, चपला घातल्या आणि गेले. भांडण नाही, चिठ्ठी नाही. शालूवहिनी मला म्हणाली, हाताला काम होतं तोवर हा माणूस थांबला, कमल.

पाच महिने शोधलं. पोलीस ठाण्यात लिहून दिलं, बुऱ्हाणपूरला सासरी कळवलं, स्टेशनं पाहिली. काही नाही. तरी वहिनी रोज चारला क्लासला यायची. तिची मुलगी दहावीत होती, ती घरी अभ्यास करायची आणि ही इथे, नवऱ्याने केलेल्या सायकलवर.

आता मी कशी शिकवायचे ते ऐका. सुरुवातीला अगदी वाईट. गळ्यात शिट्टी, शाळेतल्या पीटीच्या सरांसारखी एक-दोन-तीन-चार ओरडायचे, टेपवर गाणी लावायचे आणि स्वतःच सगळ्यांत जोरात पाय मारायचे. मला वाटायचं, सर म्हणजे पुढे असायला पाहिजे. आठवड्याभरात दोन बाया सोडून गेल्या, त्यांच्या जागी दोन नव्या आणाव्या लागल्या. आमच्या मिश्राइन भाभी तर तोंडावर बोलल्या, "कमल दीदी, आप तो हमको देखती ही नहीं, अपने ही पैर देखती हो." लागलं मला ते. पण खरं होतं.

मग एक दिवस वीज गेली, टेप बंद पडला. पाच बाया माझ्या तोंडाकडे बघतायत. काय करू? लहानपणी वडील मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेत, आणि मला झोप लागून मी पडू नये म्हणून रस्ता बोलून दाखवत. आता पूल आला, आता बाभळी आल्या, आता धरून बस. तेच मी सुरू केलं. डोळे मिटा म्हटलं. "अन्नपूर्णेच्या देवळाची कमान मागे टाकली... हलकं, हलकं... दूधवाल्याला वाट द्या... राजेंद्र नगरचं रेल्वे फाटक बंद आहे, उभ्या राहा, श्वास घ्या... उघडलं. आता राऊचा चढ, स्क्रू अर्धा फेरा कसा..." हळू आवाजात. बायांचे चेहरे असे सैल पडत गेले, सांगते, झोपलेल्या लेकरासारखे.

त्या दिवसापासून आमच्या क्लासची तीच पद्धत. राऊपर्यंत, म्हणजे आमच्या पुढच्या गावापर्यंत जायचं, तिथून वळून परत यायचं. राऊच्या पुढचा रस्ता मी कधी बोललेच नाही. आणि बोलता बोलता मी बघायला शिकले. दमलेली बाई आधी पाय थांबवत नाही, आधी श्वास रोखते. घरी काही झालेलं असलं की खांदे कानाशी जातात. अशा बाईला नाव घेऊन टोकायचं नाही, सगळ्यांसाठीच उतार आणायचा.

माघ-फाल्गुनाचे दिवस असतील. शुक्रवार होता, हे पक्कं, कारण सोमवारी शालूवहिनीचे जेठ, म्हणजे थोरले दीर, बुऱ्हाणपूरहून येणार होते. मायलेकींना घेऊन जाणार, खोली सोडणार, मुलीची शाळा सुटणार. असं एकट्या बाईने किती दिवस राहायचं, असं त्यांचं म्हणणं. वहिनीने बांधाबांध केली होती. क्लासला आली ती शेवटचीच म्हणून. मला म्हणाली, आज जरा लांब ने गं.

दार लावलेलं, हिरवे पडदे ओढलेले. पंखा मंद. बाहेर ऊन, आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं हिरवं. सहा पट्ट्यांची टक... टक... टक. मी बोलत गेले. अन्नपूर्णा, फाटक, चढ, राऊ. आता वळा म्हणायचं, एवढंच राहिलं होतं... आणि तोंडातून निघालं, "उजवीकडे."

मी थांबले नाही. थांबावंसं वाटलंच नाही हो. कच्चा रस्ता, काळी माती. डाव्या हाताला निलगिरीची रांग. एक विहीर, तिच्यावर मोडका रहाट. विटांची भट्टी, विझलेली. मग एक निळं फाटक, आत पत्र्याची शेड... हे सगळं मी बघत नव्हते. कोणीतरी मला कॅरिअरवर बसवून नेत होतं आणि मी फक्त बोलत होते. निळ्या फाटकापाशी माझे शब्द संपले. मला आठवतं, गालाला वारा लागत होता. बंद हॉलमध्ये.

मग कोणाचा तरी पाय थांबला आणि मी डोळे उघडले. घड्याळात पावणेपाच. रोजच्यापेक्षा वीस मिनिटं जास्त, आणि एकही बाई दमलेली नाही.

मिश्राइन भाभींनी विचारलं, ते बटाट्याचे ढीग कोणत्या गावचे होते? मी बटाट्याचं नावच घेतलं नव्हतं. सिंधू म्हणून एक लाजरी बाई होती, ती म्हणाली, कुत्रा मागे लागला तेव्हा मला भीती वाटली, एकच कान पांढरा होता त्याचा. मी कुत्रा बोलले नव्हते. शालूवहिनी मात्र सायकलवरून उतरलीच नव्हती. तिचे पाय थांबले होते आणि चाक फिरतच होतं.

ती म्हणाली, "शेडमध्ये हातोडा चालू होता. तीन ठोके आणि एक थांबा. दुसरं कोणी तसं मारत नाही."

मी तिला समजावलं. मनाचे खेळ आहेत, आपण पाच महिने तेच तेच बोलतोय, उन्हाची वेळ आहे. वडिलांची मुलगी ना मी! पण टॉर्च घेऊन बघायला जाणारी पण त्यांचीच मुलगी. शनिवारी सकाळी आम्ही दोघी टेम्पोत बसलो.

राऊला उतरून थोडं पुढे गेलो आणि उजवीकडे कच्चा रस्ता निघाला. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही, ती चालायला लागली. निलगिरी. विहीर. बटाटे काढून ढीग घातलेले, वर पेंढा. भट्टी. ही बाई अशी चालत होती जशी रोजच जाते. एक काळा कुत्रा भुंकत आला. कानाचं काय होतं ते मी बघितलं, पण आता लिहिताना पण नको वाटतं.

निळ्या फाटकाच्या आत फिटरभाऊ एका शेतकऱ्याचा पंप खोलून बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर तोच मिलचा खाकी शर्ट. त्यांनी मान वर केली. दचकले नाहीत. उलट जरा रागावल्यासारखे म्हणाले, "काल थांबल्या का नाहीत?"

वहिनीने फाटकाची कडी अजून हातातून सोडली नव्हती.

"काल चारच्या पुढे गेल्या ना सगळ्या इथून? सहाच्या सहा. मला माझ्या पट्ट्यांचा आवाज कळणार नाही होय? मी हाक मारत बाहेर आलो तर नुसती धूळ."

वहिनीने पाच महिन्यांत त्यांना बोलायच्या शंभर गोष्टी जमवल्या होत्या, मला पाठ होत्या. त्यातली एकही तिला सुचली नाही. तेच खाली बघत पुढे म्हणाले, "तुझ्या सायकलचं उजवं पेडल ढिलं झालंय. तसंच मारत राहिलीस तर आटे जातील."

आता हे बघा. पेडल आठ दिवसांपूर्वी ढिलं झालं होतं. वहिनीने मला सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, बघू. तिसऱ्या माणसाला माहीत नव्हतं.

वहिनी म्हणाली, "मग चला. कसून द्या."

एवढंच. ते उठले, पंप जोडून दिला, शेडच्या मालकाला काहीतरी सांगितलं, पाना घेतला. तिघं टेम्पोत बसलो. वहिनीने त्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मध्येच उतरले तर पिशवीशिवाय जाणार नाहीत, असा हिशोब असेल तिचा. राजेंद्र नगरला आल्यावर आधी हॉलवर गेले. पेडल कसलं. बाकीच्या पाच सायकलींना तेल दिलं. आणि मग घरी गेले. सोमवारी जेठ आले ते भावाला बघून ओट्यावरच बसून राहिले. जेवले, आणि एकटेच परत गेले.

आमचे हे पोस्टात होते, सरळ माणूस. ते म्हणाले, लहानपणी वडिलांबरोबर तू त्या रस्त्याने गेली असशील. असेन. पण शेडचा मालक सांगत होता की फाटकाला निळा रंग त्याच दिवाळीत दिला. आणि त्यांनी ऐकलेला आवाज? पेडल? आमचे हे म्हणाले, चहा कर.

मला मात्र धास्ती बसली. पुढचे पंधरा दिवस मी परत एक-दोन-तीन-चार करायला लागले. शेवटी सिंधूच, जी कधी तोंड उघडत नव्हती, म्हणाली, ताई, तुम्ही आम्हाला कुठे नेतच नाही आता. मग हळूहळू पुन्हा रस्ता सुरू केला. अन्नपूर्णा, फाटक, राऊ, परत. ते वळण मी मुद्दाम दोनदा घेऊन पाहिलं. राऊच्या पुढे तोंडात शब्दच आले नाहीत.

पुढे मी मोठ्या जिममध्ये पण शिकवलं, बाहेरच्या देशातल्या सायकली, कानाला माइक, धडधड गाणी. आता नव्या शिकवणाऱ्या पोरी माझ्याकडे येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी सायकलवर बसूच देत नाही. समोर उभं करते आणि म्हणते, कोण श्वास रोखतंय ते सांग. पण त्या शुक्रवारी जे झालं ते कसं झालं, असं कोणी विचारलं तर मी चहा ठेवायला उठते.

फिटरभाऊ गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरातच गेले, वहिनीचा हात हातात होता. वहिनीचे गुडघे आता सायकल मारू देत नाहीत, तरी चारला येते. भिंतीशी खुर्ची घेऊन डोळे मिटून बसते. मी रस्ता बोलते, राऊ येतं, मी "वळा" म्हणते, सगळ्या वळतात. क्लास संपतो, बाया घाम पुसतात, चपला शोधतात. वहिनीचे डोळे अजून मिटलेलेच असतात. थोड्या वेळाने उघडते आणि पदराने कपाळ पुसते.

कुठवर गेली होतीस, असं मी कधी विचारलं नाही. माझी हिंमत होत नाही. तुम्हाला विचारायचं असेल तर तुम्हीच या. इंदूर काय लांब आहे का? पोहे मी करीन, सेव घरात असतेच. पण लवकर या गं, वहिनी हल्ली डोळे उघडायला जरा जास्तच वेळ लावते.