सदाबुवा आणि डब्याच्या गिटारी

माझ्या दुकानाच्या मागच्या पडवीत लाकडाचा भुसा आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. भुसा मी अधूनमधून झाडून काढतो. किस्से झाडता येत नाहीत. गिऱ्हाईक ते ऐकत बसतं आणि आपली मोटर दुरुस्त झाली का, हे विचारायचं विसरतं. धंद्याच्या दृष्टीने ते बरंच आहे!

दुकान रत्नागिरीत, मांडवीला, मोटर रिवाइंडिंगचं. मागच्या पडवीत आम्ही तिघं गिटारी बनवतो: मी, प्रकाश सुतार आणि सदाबुवा. चिरूट येतात तो चपटा लाकडी डबा घ्यायचा, त्याला दांडा लावायचा, तीन तारा ताणायच्या, झाली गिटार. परदेशात ज्यांना दुकानातली गिटार परवडत नव्हती त्यांनी काढलेली ही युक्ती.

सदाबुवा म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र सदा. आळीतल्या भजनी मंडळाचा बुवा. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून तो खांद्याच्या पिशवीत पाटी-पेन्सिल घेऊन फिरतो आणि लिहून बोलतो.

एका दुपारी मी त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी म्हातारा बोटात काचेची नळी घालून डब्याच्या गिटारीवर घासत होता आणि सूर माणसाच्या गळ्यासारखा वळत होता. सदाने तो पुन्हापुन्हा लावायला लावला. मग पाटीवर लिहिलं, "हा तारेने गातोय. मला हे पाहिजे. गणपतीत भजन मीच सुरू करणार."

मी म्हटलं, "अरे बाबा, आधी डबा तर मिळू दे!"

*

रत्नागिरीत चिरूट ओढतो कोण? शोधून दमलो. शेवटी प्रकाशला आठवलं, की बोटीवर नोकरी करणाऱ्या विलासच्या घरी तसा डबा आहे. गेलो. डबा होता, पण देवघरात! वहिनींनी त्यात समईच्या वाती भरून ठेवलेल्या.

"हा नाही हां मिळायचा, भाऊजी. यांनी पहिल्या सफरीवरून आणलेला आहे. देवाचा डबा तो."

मी उठायच्या बेतात होतो. पण प्रकाशला गप्प बसता येत नाही. "वहिनी, यात आधी काय असायचं माहीत आहे ना?"

"काय?"

"चिरूट. म्हणजे जाडी विडी."

वहिनींनी देवाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या विलासच्या युनिफॉर्ममधल्या फोटोकडे पाहिलं. "मला चॉकलेटांचा डबा म्हणून सांगितलंन!"

वाती ताटलीत ओतल्या गेल्या आणि डबा आमच्या हातात आला. वहिनी तेवढ्यात फोन शोधायला लागल्या होत्या. विलासचं नशीब, बोट तेव्हा खूप लांबच्या समुद्रात होती.

*

गिटारीच्या दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार कुठे दाबायची ते त्यावरून कळतं. या पट्ट्या डब्याकडे येता येता जवळजवळ येत जातात. हे मी प्रकाशला सांगायला विसरलो.

प्रकाश देवघरं बनवतो. त्याने सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर बसवल्या. "मोजून घ्या! एका सुताचा फरक निघाला तर धंदा सोडीन." फरक नव्हताच, तीच तर पंचाईत. सदाने वाजवायला घेतली आणि तिसऱ्या सुराला डोळे मिटले. आनंदाने नव्हे. पाटीवर लिहिलं, "कठडा झकास झालाय. देवघराला लाव."

मी मोबाइलवर खऱ्या गिटारीचा फोटो शोधून दाखवला. प्रकाशने तो मोठा करून करून पाहिला.

"त्या सुताराला शेवटी लाकूड कमी पडलं असणार!"

सदाने पकड घेऊन सगळ्या पट्ट्या उपटल्या. काचेने वाजवायचं तर त्या लागतही नाहीत. काच म्हणून सदाने खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली करंगळीत घातली. घशाला त्या औषधाचा कधी उपयोग झाला नव्हता, इथे झाला.

*

दुसऱ्या गिटारीचा दांडा फणसाचा. लाकूड ओलं होतं म्हणून प्रकाशने ते शेजारणीच्या गच्चीवर वाळत टाकलं. तिथे तिचे बोंबीलही वाळत होते.

गिटार तयार झाली आणि सदा रियाजाला बसला की एक मांजर येऊन समोर बसायला लागली. हलायची नाही. डोळे गिटारीवर. "बुवा, श्रोते जमायला लागले!" प्रकाश म्हणाला. सदा खूश. पाटीवर लिहिलं, "जनावराला सूर कळतो."

मग एकदा त्याने ती गिटार कोपऱ्यात ठेवली आणि चिरुटाच्या डब्याची वाजवायला घेतली. मांजर उठली, कोपऱ्यात गेली आणि त्या मुक्या गिटारीसमोर जाऊन बसली.

सदाने मागोमाग जाऊन त्या गिटारीचा दांडा हुंगला.

*

तिसरी गिटार आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीच्या फळ्यांची. पुढच्या फळीवर पावसच्या एका बागायतदाराचं नाव छापलेलं, खाली "अस्सल हापूस". आम्हाला ते शोभिवंत वाटलं म्हणून तसंच ठेवलं.

पावसला एका लग्नाला गेलो होतो. सदाने मांडवाच्या कडेला गिटार काढली, तोच एक गृहस्थ तरातरा आले. "हे नाव माझं आहे! कोणी दिलंन तुम्हाला?"

झालं! मी समजावत होतो की पेटी भंगारात मिळाली, विकायची नाही, नुसती वाजवायची आहे. ते ऐकेनात. "माझ्या नावाच्या पेटीत लोक भलता माल भरून विकतात. वाजवून दाखवा. माझ्या पेटीतून खराब काही बाहेर पडलेलं मला चालणार नाही!"

सदाने वाजवलं. गृहस्थ खुर्ची ओढून बसले आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत उठले नाहीत. शेवटी त्यांनी नावावर बोट फिरवलं. "रंग उडालाय. घरी चला, नवा मारून देतो."

*

आमच्याकडे गणपतीत आरती झाली की मंडळ घरोघर भजनाला जातं. बुवाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. सदाच्या जागी आता संदेश बसतो. मुलगा चांगला आहे, गळाही चांगला आहे. पखवाजावर मात्र भिकूदादाच. सदा आणि भिकूदादा लयीवरून प्रत्येक भजनात भांडायचे. अर्धी आळी ते भांडण ऐकायलाच यायची.

ऑपरेशननंतर भिकूदादा एकदम मऊ झाला. "बसा बुवा. चहा घ्या बुवा. त्रास नका करून घेऊ." सदाने मला लिहून दाखवलं होतं, "भिक्या माझ्याशी भांडत नाही. मी मेलोय काय?" ते वाचून वाईट वाटलं, खूप वाटलं.

यंदा माझ्याच घरी भजन होतं. संदेशने आपणहून जागा दिली. सदाने चिरुटाच्या डब्याची गिटार मांडीवर घेतली, करंगळीत बाटली घातली आणि पहिली ओळ वाजवली.

कोणी उचलली नाही! टाळवाले एकमेकांची तोंडं बघत राहिले. शब्दच नाहीत, तर उचलायचं काय? सदाने तीच ओळ पुन्हा वाजवली. तेव्हा दारात बसलेल्या बायकांनी शब्द धरले, मागून टाळ आले, पखवाज आला आणि भजन चढलं. चढता चढता सदा धावायला लागला.

भिकूदादाने पखवाजावर थाप मारून हात उचलला. "ओ बुवा! पळताय कुठे? एस्टी चुकत्येय काय तुमची?"

टाळ थांबले. संदेश हळूच म्हणाला, "अहो दादा, त्यांना कशाला..."

"तू गप रे! लय बुवांनी सोडलीन, मी काय करू?"

सदाचा चेहरा लालबुंद. त्याने पिशवीतून पाटी ओढली, खसाखसा काहीतरी लिहिलं आणि भिकूदादाच्या नाकासमोर धरली.

भिकूदादाने पाटी हाताने बाजूला सारली. "चष्मा नाही आणलेला. काय ती शिवी वाजवून द्या!"

सदाने पाटी खाली ठेवली आणि ती शिवी तारेवर वाजवली, अगदी बोलल्यासारखी.

दारातल्या सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावला.