हॉलमधला माड

नारळाचं झाड म्हटलेलं आईला खपत नाही. माड म्हणायचं. बाजारात मिळतो तो नारळ, मातीत उभा राहतो तो माड. एवढं कळत नसेल तर कोकणातले म्हणवून घेऊ नका, असं ती आम्हा दोघा भावंडांना लहानपणापासून ऐकवत आलीय. मला कळलं. माझ्या धाकट्या भावाला नाही कळलं, आणि तो राग मी आज इथे काढणार आहे.

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्हाला अठराव्या मजल्यावर घर मिळालं. वास्तुशांतीच्या कलशावरचा नारळ आईने देवाजवळ तसाच ठेवला होता, त्याला कोंब फुटला. असा नारळ फोडायचा नाही, टाकायचा नाही, लावायचा. घराची भरभराट असते ती. पूर्वी तो गावी गेला असता. आता गावी लावायला हातभर जमीन उरलेली नाही. म्हणून तो हॉलमध्ये आला, खिडकीपाशी, प्लास्टिकच्या ड्रममध्ये.

पुढे खुब्याचं हाड मोडून आई अंथरुणाला खिळली. तिचा पलंग मी माडासमोरच लावला. नवं पान उघडलं की ती म्हणायची, "हो वाढता तोपर्यंत मी आसय." माड वाढतोय तोवर ती आहे, हे ऐकल्यावर मी त्या माडाची काय सेवा केली नसेल! तो काचेकडे वाकू नये म्हणून रोज ड्रम थोडा फिरवायचा. समोरच्या बांधकामाची धूळ बंद खिडकीतूनही येते, म्हणून झावळ्या ओल्या फडक्याने पुसायच्या. त्याला सोसणार नाही म्हणून मे महिन्यातसुद्धा हॉलचा एसी बंद. मासे धुतलेलं पाणी मुळाशी घाल, असा आईचा हुकूम. तेही घातलं. लिफ्टमध्ये शेजारीण नाक धरून म्हणाली, "तुमच्याकडे काही मेलंय का?" मी म्हटलं, "हो, बांगडे."

भाऊ वडाळ्याला राहतो. रविवारी येतो, जेवतो, सल्ले देतो आणि जातो. सुरमईचा मधला तुकडा त्याचा, हे त्याच्या जन्माबरोबरच ठरलेलं. पलंगावर पडूनसुद्धा आईचं लक्ष असतं, मी त्याला कुठला तुकडा वाढते त्याच्याकडे.

अशाच एका रविवारी आईची औषधं आणायला मी खाली उतरले. परत येऊन बघते तर फरशीवर हिरव्या पात्यांचा ढीग आणि हातात माझी मासे कापायची सुरी घेऊन भाऊ उभा, घामाघूम, खूश.

"अगं ताई, पंख्याला लागत होतं ना झाड. मधलं सगळं काढून टाकलं. आता साइडने फुटेल बघ, मस्त बुशी होईल. व्हिडिओत दाखवतात."

मधलं सगळं म्हणजे पोगा. मिटलेली नवी पाती जिथून वर येतात तो गाभाच त्याने सुरी खुपसून काढला होता. माडाला शेंडा एकच. तो गेला की बाजूने काही फुटत नाही, माड संपला. तो काय गुलाब आहे छाटायला? कोकणात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आणि हा, गाडीच्या काचेवर 'मालवणी' लिहून फिरणारा!

आई डोळे मिटून पडली होती, म्हणून मी ओरडले नाही. ओठ चावत त्याला जेवायला वाढलं. मधला तुकडाच वाढला. त्याची अजून तळतळ होते.

बाजूच्या झावळ्या हिरव्याच राहिल्या. कापलेली जागा मी नारळाच्या सोडणाने झाकली आणि पाणी घालणं, पुसणं, फिरवणं तसंच चालू ठेवलं. आईला कळू नये, एवढ्यासाठी.

परवा मी झावळ्या पुसत असताना ती म्हणाली, "पुरे गो. किती पुसतस? मेलो तो."

माझा हात थांबला. "तुला कधी कळलं?"

"कापलो तेवाच. मी जागीच होतंय."

"मग त्याला अडवलं का नाहीस?"

"तो येवड्या हौसेन करी होतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तेका सांगू नको हां. तेका वायट वाटात."

"आणि माका?" मी विचारलं. मी आईशी कधी मालवणी बोलत नाही. त्या दिवशी आपोआप तोंडातून गेलं. आई म्हणाली, "रविवारी सुरमय मिळता काय बघ."

मिळाली. तळली. मधला तुकडा मी माझ्या ताटात घेतला. भावाने आधी माझ्या ताटाकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"झाड अजून फुटलं नाही गं?"

आईने माझ्याकडे पाहिलं, नको म्हणून मान हलवली.

"माड म्हणतात त्याला," मी म्हटलं, "आणि तू मारलास तो."