आधी वाडीतली माणसं

आमच्या सिस्टर कुणावर चिडल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. मी जरा उशिरा पोचलो तर, "पावणं, जेवून आलात का झोपून?" आणि लवकर पोचलो तर, "एवढी जीप पळवलीस, लसीचं ताक केलंस व्हय?" लसीचा डबा डोंगरातल्या उपकेंद्रावर पोचवायला माझी जीप भाड्याने लागली होती, म्हणून हे रोज ऐकणं आलं.

मी निमगाव साव्याचा, बागायतदाराच्या घरातला. सिस्टर महादेव कोळी समाजातल्या, घाटघरच्या बाजूच्या एका वाडीतल्या. वाडीतली कुणी बाई ताप अंगावर काढून आली की त्या कडाडायच्या. "आत्ता आलीस व्हय? आणखी चार दिस थांबली असतीस तर माझं काम तरी वाचलं असतं." असं म्हणत तिच्यासाठी चहा टाकायच्या.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचा धाकटा भाऊ सोमा पारगावकडे ऊसतोडीला होता. तोड बुडू नये म्हणून त्यानेही ताप अंगावरच काढला. लस मिळावी एवढं त्याचं वय नव्हतं. धाप लागल्यावर त्याला माझ्याच जीपमधून आम्ही दवाखान्यांच्या दारोदार फिरवलं. कुठेच बेड नव्हता. सिस्टर प्रत्येक फाटकावर भांडत होत्या. शेवटच्या फाटकाशी त्या भांडत असतानाच मागच्या सीटवर सोमा गेला.

त्याच आठवड्यात माझ्या चुलत्यांना पुण्याला नेलं. चुलतभावाच्या ओळखीचे डॉक्टर होते, त्यामुळे गाडी निघायच्या आधीच बेड तयार होता. चुलते बरे होऊन घरी आले, घरात सत्यनारायण झाला. प्रसाद घेऊन मी सिस्टरांकडे गेलो. न्यावा की नाही, हेच कळत नव्हतं.

"किती वय चुलत्याचं?"

"ऐंशीच्या पुढं."

"आमच्या सोमानं चाळिशी बघितली न्हाई." त्यांनी प्रसाद तोंडात टाकला. "बरं झालं वाचले ते. तू कशाला मान खाली घालतोस? मला राग त्यांचा न्हाई."

पुढे लसीची नोंदणी मोबाइलवर सुरू झाली. वाडीत रेंज यायला टेकाडावर चढावं लागे, आणि मोबाइल होते कुणाकडे? सगळ्या जागा शहरातल्या लोकांनी घेतल्या. सकाळी उपकेंद्रापुढे पुण्याच्या गाड्यांची रांग लागली. सिस्टरांनी वाड्यावाड्या फिरून, शिव्या घालून गोळा केलेली माणसं मात्र कुंपणाबाहेर उभी.

"आमचं बुकिंग आहे," एक गृहस्थ म्हणाले.

"मंग सावलीत बसा. आधी वाडीतली माणसं."

"हे नियमात बसत नाही."

"सायेब, तुमाला लस हुकली तर तुमी उद्या दुसरीकडं जाल. ह्यांना ताप आला तर ह्यांनी कुठं जायचं, सांगा. मी फिरलेय सगळीकडं."

त्या दिवशी वाडीतली सगळी माणसं आधी टोचून झाली. नंतर गाडीवाल्यांपैकी काहींना मिळाली, काही तसेच परत गेले. तक्रार झाली. सिस्टरांची बदली घोडेगावच्या बाजूला झाली.

त्यांचं सामान मीच जीपमधून नेलं. उतारावर रस्त्याकडेला एक म्हातारी हिरडा वाळत घालत होती. सिस्टरांनी जीप थांबवायला लावली. "दुसरी लस चुकवलीस तर तिथून येऊन टोचीन तुला," त्या म्हणाल्या. म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. तिने मूठभर करवंदं त्यांच्या ओटीत टाकली, त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"आजी लई मायाळू दिसतात," जीप सुरू करताना मी म्हणालो.

"आजी कुणाची?" सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "चौथीपर्यंत एका बाकावर बसायचो आमी. माझ्यापेक्षा लहान हाय ती."

मी आरशात पाहिलं. ती बाई कमरेवर हात ठेवून, वाकलेली, अजून आमच्या जीपकडे बघत होती.