धुराचे डोहाळे आणि औषधाचं पिंप

माझ्या मुलीला सातव्या महिन्यात धुराचे डोहाळे लागले. चिंच, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ असले डोहाळे ऐकून होतो. हिला धुरात शिजलेलं मटण हवं होतं. बेंगळुरूला शेजाऱ्यांच्या गच्चीवर तिनं ते एकदा खाल्लं होतं. पहिल्या बाळंतपणासाठी ती आमच्याकडे आली, तेव्हापासून तिला तांबडा रस्सा नको, पांढरा नको, सुकंही नको.

"लोक गाड्या करून इथं मटण खायला येतात, आणि माझी लेक कोल्हापुरात उपाशी," बायको म्हणाली.

उपाशी हा शब्द जास्तीचा होता, पण आकडा तिच्या बाजूनं होता. पंधरा दिवसांत मुलीचं वजन सहाशे ग्रॅमनं उतरलं होतं. या महिन्यांत ते वाढायला पाहिजे. मी एका दूध संकलन केंद्रावर बावीस वर्षं फॅट आणि घनता मोजतो. उतरता आकडा दिसला की मला दुसरं काही सुचत नाही.

जावयानं फोनवर त्या शेजाऱ्यांचं यंत्र समजावून सांगितलं. दोनशे लिटरचं लोखंडी पिंप उभं ठेवायचं. तळाशी विस्तवाची जाळी, वर मटणाची जाळी, त्यावर झाकण. खाली हवेला भोकं, वर धुराला नळी. ज्वाळा मटणाला लागू द्यायची नाही. एकशे दहा अंशाला सहा तास ठेवायचं, नुसत्या धगीवर आणि धुरावर. त्यानं दोन गोष्टी बजावल्या. पिंप जस्ताचा मुलामा दिलेलं नको, जस्त तापलं की विषारी धूर सोडतं, आणि आधी त्यात खाण्याचा माल असलेला हवा.

मी आलेख-कागदावर नकाशा काढला आणि भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या आवारात निळ्या रंगाची दोन पिंपं शेजारी शेजारी उभी होती. मी कानशीनं एकाचा रंग खरवडला. खाली काळं लोखंड निघालं, जस्त नव्हतं. तोंडाशी नाक नेलं. वाफेनं धुतलेलं होतं, वास कसलाच नाही.

"हे खाण्याच्याच मालाचं ना?" मी विचारलं.

"व्हय की पावणं. खायाचाच माल."

माझं समाधान झालं. त्याच्याच टेम्पोतून पिंप उद्यमनगरात चाचांच्या वर्कशॉपवर पोचतं केलं.

चाचा म्हणजे आमचं फाटक, जिन्याचा कठडा आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा करणारे वेल्डर. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. चाचांनी आधी पिंप जवळजवळ काठोकाठ पाण्यानं भरलं आणि मग छिन्नी-हातोड्यानं वरचा पत्रा कापायला घेतला. मशीननं का नाही, असं मी विचारलं.

"सर, बंद पिंप म्हंजे मुका माणूस. पोटात काय हाय ते सांगत न्हाय. आत वाफ राहिली आन् ठिणगी पडली, तर तुम्ही मटण खाणार आन् घरचे माझ्या मयताचा चाळिसावा घालणार."

तळापासून सात सेंटिमीटरवर पंचवीस मिलिमीटरची तीन भोकं पाडली, प्रत्येकाला सरकतं झाकण लावलं. बाजूला थर्मामीटरसाठी एक बारीक भोक. मटणाची जाळी टेकवायला चार बोल्ट, तळापासून बासष्ट सेंटिमीटरवर. चाचांनी ते नजरेनं लावले. मी टेप लावली तर तीन बरोबर आणि चौथा एकसष्ट पूर्णांक चार.

"सहा मिलिमीटर मटणाला कळंल व्हय, सर?"

"मला कळेल."

त्यांनी तो बोल्ट पुन्हा लावला. लावताना जे पुटपुटले ते मी लिहीत नाही.

घरी आणून परसात तीन तास रिकाम्या पिंपात बाभळीचा जाळ केला. बाहेरचा निळा रंग पापुद्रे होऊन गळाला, आतला रोगणाचा पिवळसर थर जळून गेला. तारेच्या ब्रशनं घासलं, शेंगतेल चोळलं, पुन्हा तापवलं. मग रिकाम्या पिंपावर चार दिवस सराव. पहिल्या दिवशी काटा एकशे नव्वदला गेला, दुसऱ्या दिवशी विस्तव गुदमरून विझला. चौथ्या दिवशी दोन भोकं बंद आणि एक अर्धं उघडं ठेवल्यावर काटा एकशे आठ ते एकशे चौदाच्या मध्ये अडीच तास टिकला. मला दहावीच्या निकालानंतर इतका आनंद झाला नव्हता.

रविवारी सकाळी साडेसातला बकऱ्याची मागची मांडी आत ठेवली. सव्वादोन किलो. रात्रभर कांदा-लसूण चटणी, मीठ आणि लिंबू लावून मुरवलेली. खाली आंब्याची लाकडं आणि वर उसाची ओलसर चिपाडं. चिपाडाचा धूर गोडसर येतो. दर पंधरा मिनिटांनी मी काटा बघत होतो. दीड वाजता हाडाजवळ थर्मामीटर खुपसला. ब्याण्णव अंश. गरोदर बाईला कच्चं जरासुद्धा चालत नाही, म्हणून तो आकडा मी तीन ठिकाणी घेतला आणि मगच सुरी हातात घेतली.

मुलगी परसातल्या खुर्चीवर ताट घेऊन बसलीच होती. पहिली फोड तोंडात गेल्यावर तिनं डोळे मिटले.

"आई, हेच. अगदी हेच!"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, असं कौतुकानं ती फार वेळा बघत नाही.

चाचांना जेवायला बोलावलं होतं, ते तेवढ्यात आले. पिंपाभोवती एक फेरी मारली, झाकण उचललं, वास घेतला.

"कमाल केली सर. औषधाचं पिंप हाय, आसं कोण म्हणंल?"

"कसलं पिंप?"

"औषधाचं. टेम्पोवाला उतरवताना म्हणाला न्हवं का. तुम्हाला म्हाईत असंल म्हणून मी बोललो न्हाय."

आमच्या भागात डॉक्टर देतो तेही औषध आणि उसावर फवारतात तेही औषध. अमक्यानं औषध घेतलं असं कुणी दबक्या आवाजात सांगितलं, तर ते कुठलं हे कुणी विचारत नाही.

मुलीच्या ताटातल्या चार फोडी संपल्या होत्या. अंदाजे नव्वद ग्रॅम. पाचवी तिच्या हातात होती.

"ती खाली ठेव," मी म्हणालो.

"का? काय झालं?"

खोटं सांगून उपयोग नव्हता. "पिंपात आधी काय होतं, ते मी नीट विचारलेलं नाही. औषधाचं आहे म्हणतात. तोंड धुऊन टाक."

तिनं फोड ठेवली आणि तो हात पोटावर नेला. चाचांनी हातातलं झाकण खाली टेकवलं. बायकोनं सरळ मुलीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, कुठलं औषध? नाव सांगा, नाव कळल्याशिवाय मी काय सांगणार? मळमळ, चक्कर, घाम, काही झालं तर लगेच घेऊन या.

भंगारवाल्याचा फोन बंद लागत होता. चाचा म्हणाले, "तो रविवारी दुपारपर्यंत आवारातच असतोय. चला." मी स्कूटर काढली, ते मागे बसले. साडेचार किलोमीटर. त्या साडेचार किलोमीटरमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी बोल्टांची उंची मोजली, भोकांचा व्यास मोजला, मटणाच्या पोटातली उष्णता तीनदा मोजली. आणि जो एकच प्रश्न खरा विचारायचा होता, तो उत्तर आत घालून विचारला. 'खाण्याच्याच मालाचं ना?' असं विचारल्यावर विकणारा दुसरं काय म्हणणार? केंद्रावर मी कधी शेतकऱ्याला 'दुधात पाणी नाही ना?' असं विचारत नाही.

भंगारवाला खाटेवर पडून कलिंगड खात होता.

"या पावणं! झालं का मटण?"

"पिंपात काय होतं?" मी विचारलं, आणि या वेळी पुढं एक शब्द बोललो नाही.

"औषध."

चाचांनी माझा दंड धरला.

"कुठलं?"

"कुठलं म्हंजे? मध."

"मध?"

"मधच की. जयसिंगपूरकडनं माल आलता, आयुर्वेदी औषधाचा कारखाना हाय, तितली पिंपं. म्हणून आम्ही औषधाची पिंपं म्हणतो."

"अरे, मग तवाच मध म्हणायचं!" चाचा ओरडले. "ह्यांचं काळीज थांबाय लागलंय हितं!"

"ह्यांनी इच्यारलं, खायाचा माल का. मी व्हय म्हणालो. मध काय पायाला लावत्यात?"

मला लगेच हायसं वाटलं नाही. जो माणूस एकदा व्हय म्हणाला तोच पुन्हा बोलत होता. मी म्हटलं, दुसरं पिंप दाखवा. ते तिथंच होतं, माझ्या पिंपाच्याच खेपेतलं, पण न धुतलेलं. त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटलेली, वरचा निम्मा भाग फाटलेला. मालाचं नाव त्या फाटक्या भागाबरोबर गेलेलं. उरलं होतं ते एवढंच: निव्वळ वजन २९० किलो.

मी तिथंच थांबलो. पिंपाचं माप दोनशे लिटरच्या थोडं वर. पाणी असतं तर वजन दोनशेच्या आसपास आलं असतं, दूध असतं तर जेमतेम सहा-सात किलो जास्त. तेल असतं तर दोनशेच्या आत. दोनशे नव्वद म्हणजे पाण्याच्या सुमारे एक पूर्णांक चार पट. इतकं जड म्हणजे मध किंवा काकवी. फवारायचं औषध इतकं जड असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

"सर, हे बघा," चाचा खाली वाकून म्हणाले.

पिंपाच्या बुचाच्या भोकातून मुंग्यांची रांग आत जात होती आणि दुसरी रांग बाहेर येत होती. बाहेर येणाऱ्या धडधाकट होत्या. कीटकनाशकाच्या पिंपात जाऊन मुंगी परत येत नाही. मी भोकाला नाक लावलं. च्यवनप्राशच्या रिकाम्या डबीसारखा वास.

तेव्हा मला पटलं. मी भंगारवाल्याच्या खाटेवर बसलो. त्यानं कलिंगडाची एक फाक हातात दिली आणि मी ती बियांसकट खाल्ली.

तिथूनच घरी फोन केला. "मध होतं. मी डोळ्यांनी बघून सांगतोय." बायको म्हणाली, "सावकाश या." पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती, पायात चपला, काखेत मुलीची दवाखान्याची फाईल. रिक्षावाल्याला तिनं फोन करून ठेवलेला. माझं तोंड नीट बघून झाल्यावर तिनं चपला काढल्या.

"आधी डॉक्टरांना सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या. मधाच्या, धुतलेल्या आणि जाळलेल्या पिंपाची काळजी करू नका, म्हणाल्या. तरी उद्या तपासणीला या, तुमच्यासाठी.

"मग आता खाऊ का?" मुलगी आतून म्हणाली. "चाळीस मिनिटं झाली, गार झालं असेल सगळं."

"थांब जरा," बायको म्हणाली. "आधी तुझे बाबा खातील. सगळ्यांच्या देखत."

मी खाल्लं. उत्तम झालं होतं. चाचांनी दोनदा वाढून घेतलं आणि बायकोनं त्यांना डबाही भरून दिला. मुलीनं दुपारी आणि संध्याकाळी मिळून साडेतीनशे ग्रॅम तरी खाल्लं असेल. रात्री ती गाढ झोपली असताना मी दोन वेळा जाऊन तिचा श्वास मोजून आलो. दोन्ही वेळा मिनिटाला सोळा.

सोमवारी दवाखान्यात मला आत येऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर ते छोटं यंत्र टेकवलं आणि खोलीभर ठोक्यांचा आवाज भरला, घोडं दौडत यावं तसा. माझी नजर आपोआप घड्याळावर गेली. पंधरा सेकंदांत छत्तीस, म्हणजे मिनिटाला एकशे चव्वेचाळीस. यंत्रावर एकशे त्रेचाळीस दिसत होते.

एकाचा फरक मी सोडून दिला.