घरीच असते

मी परदेशातल्या एका विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, हे मी ताठ मानेनं सांगते. पण माझी पीएचडी जवळजवळ बुडालीच होती, आणि ती वाचवली सातवी शिकलेल्या आईनं.

विषय होता घरात बसून काम करणाऱ्या बायका. पाहणीसाठी मी आमच्याच गल्लीत आले, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात. हाती तीन आठवडे होते, पुन्हा तिकीट मिळणार नव्हतं. प्रश्नावली तिकडे इंग्रजीत झालेली, मराठी मीच केलं होतं. पहिला प्रश्न, "आपण काही काम करता का?" उत्तर 'नाही' आलं की फॉर्म तिथेच संपायचा.

पहिले चार दिवस सगळ्यांचे फॉर्म तिथेच संपले.

"काम? नाय बा. घरीच असते मी," शेजारची काकू म्हणाली. तिच्या मांडीवर जीन्स, हातात कटर, अंगभर निळे धागे. कारखान्यात शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे टेम्पोनं गल्लीत यायचे आणि शिलाईचे लोंबणारे धागे बायका घरोघरी कापायच्या. लहानपणी आमच्या भातातसुद्धा निळा धागा निघायचा.

चौथ्या संध्याकाळी मी आईसमोर कागद आपटले. "या गल्लीत कुणीच काम करत नाही म्हणे. तिकडे जाऊन दाखवू काय?"

"खरंच आहे की. काम तुझे पप्पा करतात, आनंदनगरला, कंपनीत. युनिफॉर्म आहे, पंचिंग आहे."

"आणि तू आत्ता काय करतेयस?"

"मी? धागे कापतेय."

मी डोक्याला हात लावला. तिला हसू आवरेना. "एवढी शिकलीस आणि विचारतेस, काम करता का! अगं, बाईला वाटतं, नोकरी आहे का विचारतेय. तू धागे विचार. किती गठ्ठे उतरले विचार. मग बघ कशा बोलतात."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली. प्रत्येक दारात बसायची, समोरची एक जीन्स मांडीवर ओढायची आणि कापता कापता विचारायची, "काय गं, आज किती नग?" की झालं सुरू. कडक कापड, सोललेली बोटं, सणाच्या आधीची घाई. माझं पेन पुरेना. काकूचा फॉर्म मी नव्यानं भरला, तेव्हा ती म्हणाली, "हे आधी विचारायचं ना! त्या दिवशी इंग्लिशमध्ये मराठी बोलत होतीस."

परत जाऊन मी तो फसलेला पहिला प्रश्नच प्रबंधात घातला, त्याच्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. माझ्या सरांना तेच सगळ्यात आवडलं. पीएचडी झाली.

पदवीच्या समारंभाला आईला बोलवायचं होतं. व्हिडिओ कॉलवर तिला समोर ठेवून मी तिचा व्हिसाचा फॉर्म भरत होते. व्यवसाय या रकान्यात सवयीनं टाइप करून मोकळी झाले.

"काय लिहिलंस?"

"गृहिणी."

"म्हणजे घरीच असते?" तिच्या कटरचा आवाज थांबला. "वा डॉक्टरीणबाई! तुझा फॉर्म पहिल्याच प्रश्नाला संपला बघ परत."

मी ते खोडलं.

"कारखान्याचा शेठ ह्या धागे कापण्याला फिनिशिंग म्हणतो," ती म्हणाली. "जीन्स फिनिशिंग. तेच लिही. आणि स्पेलिंग बरोबर टाक, तिकडचे लोक वाचणारेत."