विंगेतली माझी जागा

दिवसभर मी कंपू भागातल्या एका दवाखान्यात खिडकीशी बसून पेशंटांच्या पर्च्या फाडते. त्यात मन रमतं का, असं कुणी विचारलं तर डोंबल रमतं! माझा जीव रमायचा तो गणपतीतल्या मराठी नाटकाच्या विंगेत. मी प्रॉम्प्टर. मांडीवर नाटकाचं पुस्तक, हातात टॉर्च.

आमची नटमंडळी इथली, ग्वाल्हेरची. सकाळपासून हिंदीत वावरणारी. ऐन वेळी मराठी वाक्य घशात अडकायचंच. कोण मुद्दाम थांबलंय आणि कोण विसरलंय, हे मला नुसत्या मानेवरून कळायचं. हळूच दोन शब्द टाकले की गाडी पुढे. पडदा पडल्यावर मी इतकी खुशीत असायची की घरी जाऊन नवऱ्याला सगळं नाटक पुन्हा ऐकवायची. तो बिचारा ऐकायचा.

यंदा नाटक बसवणारा तरुण म्हणाला, "काकू, इस बार टेन्शनच नाही. सगळं रेकॉर्ड करून घेतलंय, स्टेजवर फक्त ओठ हलवायचे. तुम्ही आरामात समोर बसा."

समोर बसा म्हणे! तोंडदेखलं हसले आणि घरी येऊन भांडी घासता घासता रडले.

फूलबागेजवळच्या हॉलमध्ये मला शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं. खोटं कशाला बोलू, नाटक झकास चाललं होतं. कुणी अडकत नव्हतं. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे मला तिथे बसून चांगलंच दिसलं.

दुसऱ्या अंकात रेकॉर्डिंगचा आवाजच बंद पडला. बापाशी भांडणारी नायिका तोंड उघडं ठेवून उभी. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि मला, देवा रे, केवढा आनंद झाला! नारळ खुर्चीवर टाकून मी स्टेजच्या कडेला धावले आणि तिला दोन शब्द दिले; नाटक जुनंच, मला पाठ होतं. तेवढ्यानं भागेना. मग अख्खं वाक्य दिलं, "बाबा, माझी उमेद खचली आहे. आता मला गळ घालू नका."

पोरगी खाली वाकली. "काकू, गळ घालू नका म्हणजे क्या?"

रेकॉर्डिंगच्या वेळी तिनं ते वाक्य नुसतं वाचून टाकलं होतं. सगळा हॉल वाट बघत होता. शेवटी मीच सांगितलं, "बोल, मेरी हिम्मत टूट गई है, अब ज़िद मत कीजिए."

तिनं ते म्हटलं, आणि काय सुरेख म्हटलं मेलीनं! डोळ्यांत खरं पाणी. टाळ्या थांबेनात. उरलेला अंक मी तसाच, कडेला उभी राहून, एकेक वाक्य हिंदी करत पार पाडला.

मंडळी खूश आहेत. पुढच्या वर्षी सरळ हिंदीतच नाटक करायचं ठरलंय. हिंदीत त्यांना प्रॉम्प्टर लागत नाही.